आधी दुसरी होती, मग तिसरी कशी झाली?

आपल्याकडे कुणाच्या घरी कॅन्सर निघाला की भेटायला आलेल्या बायका चहाचा कप हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारतात, "कितवी स्टेज?" अगदी "कितवा महिना?" विचारावं त्या सुरात. उत्तर "पहिली" आलं की कप तोंडाला लागतो. "तिसरी" आलं की बशी हळूच खाली ठेवली जाते आणि आवाज उतरतो. मीही त्यातलीच एक. गेली बारा-तेरा वर्षं महिला मंडळाच्या कामामुळे आमच्या कुर्डुवाडीतल्या बायकांना घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवते आहे. कधी बार्शी, कधी सोलापूर, कधी रात्रीच्या सिद्धेश्वरने थेट मुंबई. पण या एका शब्दाचा नीट अर्थ मला कळला तो आजार आपल्याच घरात आल्यावर, आणि तोही माझ्या हातून चूक घडल्यावर.

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मोठ्या वन्संना डाव्या छातीत गाठ लागली. वय तेव्हा चौपन्न. गाठ दुखत नव्हती, म्हणून त्या चार महिने कुणाजवळ बोलल्याच नाहीत. दुखत नाही म्हणजे साधी, हा आपल्या बायकांचा जुना हिशेब. खरं तर कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून तर ती फसवते. असो. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, जाड सुईने तुकडा काढून तपासला. गाठ तीन सेंटिमीटरची, बगलेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही काही दिसत नाही. डॉक्टरांनी फाईलवर लिहिलं, 'सी टी-टू, एन-झिरो, एम-झिरो', आणि पुढे कंसात 'स्टेज टू-ए'.

बाहेर बाकावर दाजींनी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही या कामात असता. खरं काय ते सांगा."

मी म्हटलं, "दाजी, दुसरीच आहे. ऑपरेशन झालं की विषय संपला."

हे वाक्य मी इतक्या सहज बोलून गेले! एका आरोग्य शिबिरात ऐकलेलं, चार ठिकाणी वाचलेलं, आणि समोरच्या माणसाला धीर द्यायची घाई. आपण समाजकार्य करणाऱ्या बायका कधी कधी धीर देण्याच्या नादात डॉक्टरांच्याही पुढे जातो, हे कबूल करायला हवं.

शेजारच्या शहरात ऑपरेशन झालं. स्तन काढला, बगल साफ केली. बाराव्या दिवशी काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. गाठ ३.२ सेंटिमीटर. बगलेतून १४ लसिकाग्रंथी काढल्या, त्यांपैकी ४ मध्ये कॅन्सर. खाली लिहिलेलं, 'पी टी-टू, एन-टू-ए', 'स्टेज थ्री-ए'. ओपीडीतल्या तरुण डॉक्टरने कागद बघितला, "थर्ड स्टेज आलीय, केमो घ्यावी लागेल," एवढं म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर साठ माणसं ताटकळत होती, त्याचंही काय चुकलं म्हणायचं? पण दाजी तिथंच व्हरांड्यात उभे राहिले. हातात कागद. "आत जाताना दुसरी, बाहेर येताना तिसरी? बारा दिवसांत? सुरी लागली आणि पसरला. मला म्हातारे सांगत होते, कापू नका म्हणून."

आणि ते वन्संना घेऊन घरी गेले. केमोची तारीख गेली, पुढचीही गेली. कुणीतरी नाव सांगितलेल्या वैदूकडून पूड आणली, मधातून घ्यायची. पाच आठवडे असेच गेले. मी फोन केला की दाजी "बघू" म्हणायचे. शेवटी मी गावी गेले. वन्सं ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अगं, तूच म्हणालीस ना, संपलं म्हणून?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग ओळखीने एका वयस्कर सर्जनची वेळ घेतली. दाजींना म्हटलं, औषध घेऊ नका हवं तर, पण एकदा विचारून तरी या. त्या डॉक्टरांनी अर्धा तास दिला. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि आधी ते एकच अक्षर दाखवलं, जे आमच्यापैकी कुणीच वाचलं नव्हतं. पहिल्या कागदावर टीच्या आधी बारीक 'सी' आहे. दुसऱ्यावर बारीक 'पी'. 'सी' म्हणजे क्लिनिकल, हाताने तपासून, फोटो काढून, सुईच्या तुकड्यावरून केलेलं मोजमाप. 'पी' म्हणजे पॅथॉलॉजिकल, ऑपरेशनमध्ये काढलेला सगळा भाग कापून, पातळ चकत्या करून दुर्बिणीखाली पाहून केलेलं मोजमाप. बगलेतली गाठ चांगली वाढल्याशिवाय हाताला लागत नाही. आतमध्ये खसखशीएवढा कॅन्सर असला तर सोनोग्राफीतही सुटू शकतो. "तीन सेंटिमीटरची गाठ काही बारा दिवसांत होत नाही, ती व्हायला वर्षं जातात," डॉक्टर म्हणाले, "आणि त्या चार गाठी ऑपरेशनच्या आधीपासून तिथंच होत्या. कापल्यामुळे त्या झाल्या नाहीत, कापल्यामुळे दिसल्या."

दाजी बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "म्हणजे नजरअंदाज पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी."

डॉक्टर शहरातले, त्यांना काही समजेना. तेव्हा दाजींनीच त्यांना सांगितलं की, पीक शेतात उभं असताना सरकारी माणूस बघून अंदाज बांधतो ती नजरअंदाज पैसेवारी, आणि कापणी करून, माप घेऊन ठरते ती अंतिम. दोन्हींत फरक पडतो. पण अंतिम आकडा कमी आला म्हणून कुणी म्हणत नाही की, मापाने पीक खाल्लं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार."

पुढच्या सोमवारी वन्संची पहिली केमो झाली. पाच आठवडे वाया गेले ते गेलेच. त्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे.

तेव्हापासून मी दरवेळी हातात कागद घेऊन तो अक्षर-अक्षर वाचायला शिकले. मैत्रिणींनो, हे काही डॉक्टरकीचं शास्त्र नाही, सातबारा वाचण्याइतकंच सोपं आहे. टी म्हणजे मूळ गाठ. दोन सेंटिमीटरपर्यंत टी-वन, दोन ते पाच टी-टू, पाचच्या वर टी-थ्री. गाठ छातीच्या भिंतीत घुसली असेल, कातडीवर जखम झाली असेल किंवा कातडी सुजून संत्र्याच्या सालीसारखी झाली असेल तर टी-फोर, मग गाठीचा आकार काही का असेना. एन म्हणजे लसिकाग्रंथी. पायाला काटा रुतला की जांघेत अवधाण येतं ना, तीच ही ग्रंथी, बगलेतही असतात. स्तनातून निघालेल्या पेशी बहुधा पहिल्यांदा इथं अडकतात. ऑपरेशननंतर मोजताना एक ते तीन ग्रंथींत सापडला तर एन-वन, चार ते नऊ एन-टू, दहा किंवा जास्त असतील तर एन-थ्री. वन्संच्या चार होत्या, म्हणून त्यांचं एन-झिरोचं एकदम एन-टू झालं आणि दुसरीची तिसरी. आणि एम म्हणजे हाडं, फुप्फुस, यकृत, मेंदू अशा लांबच्या ठिकाणी गेला आहे का. गेला असेल तर एम-वन, म्हणजे चौथी. ही टी-एन-एमची पद्धत फ्रान्समधल्या पिएर दनुआ नावाच्या सर्जनने १९४३ ते १९५२ या काळात बसवली. आज जगभर तीच चालते, म्हणून मुंबईचा कागद लंडनच्या डॉक्टरलाही वाचता येतो.

मग दोनदा मोजायचं कशाला, एकदाच शेवटी मोजा, असं मला एकीने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. पण सुरुवात कशाने करायची, हे पहिल्या मोजमापावरूनच ठरतं. गाठ लहान असेल तर बहुधा आधी ऑपरेशन. मोठी असेल, बगलेतल्या ग्रंथी एकमेकींना चिकटल्या असतील, तर आधी केमो. अख्ख्या अंगाचं स्कॅनिंग करायचं की नाही, तेही त्यावरूनच. (लहान गाठीसाठी "पेट स्कॅन करा, पैशाची काळजी नको" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारे नातेवाईक मी पाहिलेत. काही तक्रार नसताना, सुरुवातीच्या स्टेजमध्ये त्याची सहसा गरज नसते. उगाच कुठेतरी ठिपका दिसतो आणि घरभर घबराट.) ऑपरेशननंतरच्या मोजमापावरून पुढचं ठरतं. केमो लागणार का, लाईट म्हणजे रेडिएशन कुठे कुठे द्यायचं, वगैरे.

आता जिला आधी केमो देतात तिची गोष्ट वेगळी, तिथं दाजींची पैसेवारी अपुरी पडते. आमच्या भिशीतली एक मैत्रीण, बालवाडीत शिकवते, वय एकेचाळीस. तिची गाठ सहा सेंटिमीटरची होती आणि बगलेतही हाताला लागत होतं. 'सी टी-थ्री, एन-वन', म्हणजे थ्री-ए. आधी केमो सुरू केली. केस गेले, तोंड आलं, नखं काळी पडली, पण गाठ वितळत गेली. पाचव्या केमोनंतर तिलाच सापडेना. घरात आनंदीआनंद. सासूबाई म्हणाल्या, "गाठच नाही तर कापायचं कशाला?"

तिला घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले, या वेळी स्वतः काहीही न बोलता. हाताला लागत नाही, फोटोत दिसत नाही, याचा अर्थ आत एकही पेशी उरली नाही असा होत नाही. ते दुर्बिणीखालीच कळतं. तिच्या गाठीत केमोच्या आधीच धातूची बारीक खूण घालून ठेवली होती, मोहरीच्या दाण्यासारखी. त्या वेळी तिला वाटलं होतं, हे काय नवीन? पण गाठ दिसेनाशी झाल्यावर नेमकी जागा त्या खुणेनेच सापडली, आणि त्यामुळे पूर्ण स्तन न काढता तेवढाच भाग काढता आला.

तिच्या रिपोर्टवर 'पी'च्याही आधी 'वाय' लिहिलं होतं. 'वाय पी टी-झिरो, एन-झिरो'. 'वाय' म्हणजे औषध दिल्यानंतरचं माप. काढलेल्या भागात कॅन्सर उरलाच नव्हता. ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्यासारख्या तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह असणाऱ्या बाईच्या बाबतीत तर डॉक्टरांना सगळ्यात जास्त ऐकायचं असतं ते हेच. पण घरात पेढे वाटताना सगळ्यांना सांगितलं गेलं, "तिसरीची झिरो स्टेज झाली!" तसं नाही हो. झिरो स्टेज ही वेगळीच गोष्ट आहे. कॅन्सरच्या पेशी दुधाच्या नळीच्या आतच आहेत, नळीची भिंत फोडून बाहेर आल्याच नाहीत, त्याला झिरो स्टेज म्हणतात. केमोने सगळं साफ झालं तर नियमाप्रमाणे नवीन स्टेजचा आकडा देतच नाहीत. "औषधाला पूर्ण प्रतिसाद" एवढं लिहितात. आणि हा शब्दांचा खेळ नाही. झिरो समजून तिच्या मिस्टरांनी रेडिएशन रद्द करायचं ठरवलं होतं. तिला रेडिएशन का, तर सुरुवातीला ती थ्री-ए होती म्हणून. आजारी पडला तेव्हा माणूस किती आजारी होता, हे तो बरा झाल्यावर पुसून टाकता येत नाही. म्हणून उपचार ठरवताना आधीचा कागद आणि नंतरचा कागद, दोन्ही लागतात.

सगळ्यांचंच असं होत नाही. दुसरीच्या रिपोर्टमध्ये केमोनंतरही एक सेंटिमीटर शिल्लक निघाला. ती रडायला लागली, "माझी केमो फुकट गेली." फुकट गेली नव्हती. पाच सेंटिमीटरचा एक झाला होता. शिवाय काय उरलं हे कळलं म्हणून पुढे कोणतं जादा औषध द्यायचं ते ठरलं. तिला काही महिने तोंडाने घ्यायच्या गोळ्या दिल्या.

रिपोर्टवरचा आणखी एक आकडा आपल्या बायकांचा जीव घेतो, तो म्हणजे ग्रेड. 'ग्रेड थ्री' वाचलं की घरात रडारड. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. कॅन्सर कुठवर गेलाय ते स्टेज सांगते, आणि पेशी दुर्बिणीखाली किती वेड्यावाकड्या, किती भराभर वाढणाऱ्या दिसतात ते ग्रेड सांगते. ग्रेड तीनपर्यंतच असते. पहिल्या स्टेजच्या बाईची ग्रेड तीन असू शकते, तिसऱ्या स्टेजच्या बाईची ग्रेड एक. आणि आता तर २०१८ पासून अमेरिकेतल्या कॅन्सर समितीच्या नव्या नियमांत गाठीचा आकार नि ग्रंथी यांच्या जोडीला ग्रेड, हार्मोनचे दोन रिसेप्टर आणि हर-टू हेही धरून स्टेज काढायची सोय आली आहे. त्यामुळे एका दवाखान्याने जुन्या मापाने काढलेला आकडा आणि दुसऱ्याने नव्या मापाने काढलेला आकडा एकाच बाईच्या बाबतीत वेगवेगळा येऊ शकतो. दोघांपैकी एक खोटा, असा लगेच अर्थ काढू नका. "हे कोणतं माप?" एवढं विचारा.

आता चौथ्या स्टेजबद्दल. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं. आमच्याकडच्या एका बाईंचा कॅन्सर कळला तेव्हाच हाडात गेला होता. डॉक्टरांनी गोळ्या नि इंजेक्शनं सुरू केली, ऑपरेशन करू म्हणाले नाहीत. मुलगा भांडला, "आई जगणार नाही म्हणून तुम्ही हातच लावत नाही." त्याचं दुःख कळतं. पण याच प्रश्नावर आपल्या मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता. २००५ ते २०१३ या काळात चौथ्या स्टेजच्या ३५० बायका घेतल्या, निम्म्यांची मूळ गाठ काढली, निम्म्यांची काढली नाही. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. ऑपरेशन झालेल्या बायका जास्त जगल्या असं दिसलं नाही. म्हणून आता सरसकट कापत नाहीत; गाठ फुटली, रक्त येऊ लागलं तर गोष्ट वेगळी. हात न लावणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे त्या मुलाला समजावायला कुणीतरी पाच मिनिटं द्यायला हवी होती. त्या बाई गोळ्यांवर आणखी तीन वर्षं होत्या. नातीचं बारसं त्यांनी स्वतः मांडीवर घेऊन केलं.

एक प्रश्न मला वारंवार येतो. दुसऱ्या स्टेजमध्ये उपचार पूर्ण झाले, आणि चार-पाच वर्षांनी आजार फुप्फुसात उलटला, तर आता स्टेज कितवी? कागदावर पहिल्या निदानाची स्टेज तीच राहते, दुसरी. पुढे 'आजार उलटला' अशी वेगळी नोंद होते. उपचार अर्थातच आजच्या परिस्थितीप्रमाणे होतात. हे माहीत नसलं की घरचे जुनी फाईल दाखवून म्हणतात, "दुसरीच तर होती, मग ही एवढी मोठी औषधं कशाला?"

आणि काही बायकांची तर स्टेजच काढता येत नाही, हे सगळ्यात वाईट. गावात कुणीतरी "साधी गाठ आहे" म्हणून छोट्या चिऱ्यातून काढून टाकतं आणि गाठ तपासायला न पाठवता फेकून देतं. सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा येते तेव्हा आधी काय होतं, केवढं होतं, कुणालाच ठाऊक नसतं. मापच हरवलेलं. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ तपासायला गेलीच पाहिजे, हे ऑपरेशनच्या आधी तोंडाने विचारून घ्या. लाजू नका. रिपोर्ट आला की झेरॉक्स काढून ठेवा. मोठ्या दवाखान्यात दुसरं मत घ्यायला गेलात की ते काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागतात, तुकडा त्या मेणात जपलेला असतो. ते तुमच्या आजाराचे आहेत, मागितले की मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार करायचे असतील तर योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशनकार्डाबरोबर बायोप्सीचा कागद लागतोच.

स्टेज ही नशिबात लिहून आलेली असते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुंबईचंच एक उदाहरण. टाटा हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका घेऊन एक काम सुरू केलं. निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या बायकांनी नुसत्या हाताने तपासली. मशीन नाही, काही नाही. वीस वर्षांनंतरचा हिशेब २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासणी न झालेल्या गटात शंभरातल्या ४७ जणींचा कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या स्टेजमध्ये सापडला, तपासणी झालेल्या गटात ३७ जणींचा. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी दिसले; पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. आणि आमच्या बार्शीत १९८७ पासून कॅन्सरची नोंदवही आहे, खेड्यांसाठीची देशातली पहिली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंदी करता करता माहिती सांगत राहिले, तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या स्टेजमध्ये दवाखान्यात येऊ लागल्या. फक्त बोलण्याने! आता तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही करायची आहे. आशाताई फॉर्म भरायला येते तेव्हा "मला काही नाही" म्हणून तिला दारातूनच परत पाठवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. वन्सं त्यांतल्याच एक होत्या.

वन्संच्या आठ केमो झाल्या, पंधरा दिवसांचं रेडिएशन झालं. त्यासाठी त्या तीन आठवडे मावसभावाकडे राहिल्या, आणि तिथल्या सुनेला शेंगापोळ्या शिकवून आल्या. त्यांची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी होती, म्हणून रोज एक गोळी चालू आहे, अजून काही वर्षं घ्यायची आहे. डावा हात कधी सुजतो, मग उशीवर उंच ठेवून बसतात. त्या हातात सुई टोचू देत नाहीत, रक्तदाबाचा पट्टाही बांधू देत नाहीत.

गेल्या संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. गावातल्याच एक बाई, नव्याने कळलेल्या, पदराखालून रिपोर्ट काढून मला दाखवू लागल्या. "ताई, आधी पहिली म्हणाले, आता दुसरी म्हणतात. काय करू?" मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात दाजीच आतून आले, कागद हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरून विचारलं, "आधीचा कागद कुठाय?" त्या बाईंनी तो आणलाच नव्हता. दाजी म्हणाले, "जा, घेऊन या. चहा होईस्तोवर या. मग बसून बघू."